पेट्रोल एकशेवीस, सिलेंडर हजार : महिन्याचं गणित कसं बसवताय?

सिंहगडरोडकर | ८ मे २०२२, सकाळी १०:१२

काल सिलेंडर परत पन्नासनी वाढला. मुंबईचा रेट ९९९.५०, आमच्याकडे पुण्यात हजाराच्या आगेमागे, आणि आणून देणारा वर तीस रुपये मागतो ते वेगळेच, पावतीवर नसतात पण नाही दिले की पुढच्या वेळी चार दिवस गाडी आपल्या गल्लीत येतच नाही. २२ मार्चला पन्नास, आता परत पन्नास. सबसिडी म्हणून जे काय खात्यात यायचं ते २०२० च्या उन्हाळ्यापासून बंदच आहे, बऱ्याच जणांना अजून माहीतही नाही, परवा शेजारच्या काकू पासबुक घेऊन बँकेत भांडायला निघाल्या होत्या.

पेट्रोलचं काय बोलणार. नोव्हेंबरच्या ४ तारखेपासून २२ मार्चपर्यंत एक पैसा हलला नाही, पाच राज्यांच्या निवडणुका उरकल्या आणि मग रोज सकाळी ८० पैसे, ८० पैसे असं करत दोन आठवड्यांत दहा रुपये चढले. युक्रेनचं युद्ध, क्रूड (कच्चं तेल) वगैरे सगळं मान्य आहे, पण क्रूड काय निकालाची वाट बघत थांबलं होतं का?

आता माझं. राहायला सिंहगड रोड, ऑफिस हिंजवडी फेज ३. दोन वर्षं घरून काम केलं, एप्रिलपासून आठवड्यातले तीन दिवस बोलावतायत. चारचाकी काढली तर वाकडच्या गर्दीत बारा-तेराचं ॲव्हरेज पडतं म्हणजे जाऊन-येऊन चारशेच्या वर नुसतं पेट्रोल, दुचाकीवर गेलो तर पाठ जाते आणि पावसाळ्यात काय करणार ते वेगळंच. मेट्रो ६ मार्चला सुरू झाली, वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी, पोरांना घेऊन एकदा बसून आलो, छान आहे, हिंजवडीला जायला उपयोग शून्य. बस आहे, पण दोन बदलायच्या आणि दुसरी कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.

मला इथे मोदी-ठाकरे नकोय, त्याचे धागे भरपूर आहेत. मला घरचे आकडे हवेत. पगार तेवढाच असताना हे वाढीव पैसे तुम्ही कुठून काढलेत? काय कापलंत आणि काय कापता आलं नाही?

कसारा लोकल | ८ मे, १०:५५

आमचं बरं आहे म्हणायचं. बदलापूर ते भायखळा पास काढतो, लोकलचा पास वाढलेला नाही, त्यामुळे पेट्रोल १२० होवो नाहीतर १५०, गाडी घरीच. पण घर ते स्टेशन ही जी दोन किलोमीटरची शेपटी आहे ना तिथे मार बसतो. शेअर रिक्षा दहाची पंधरा झाली, कुणी जाहीर केली नाही, एका सोमवारी झाली. संध्याकाळी पाऊस असला की वीस. माणशी जाऊन-येऊन तीस आणि घरात आम्ही दोघं कमावणारे, म्हणजे स्टेशनपर्यंत जायला लागतात ते पैसे पुढच्या साठ किलोमीटरच्या पासापेक्षा कितीतरी जास्त. हे जरा कागदावर मांडून बघा, डोकं फिरतं.

५ मेपासून एसी लोकलचं तिकीट निम्म्यावर आणलंय, कमीत कमी ६५ होतं ते ३० झालं. पास मात्र तेवढाच ठेवलाय. रोज जाणारा माणूस पास काढतो हे रेल्वेला माहीत नसेल असं कसं म्हणणार.

भाजणी | ८ मे, ११:३०

मी डबे देते, घरगुतीच, कोथरूडला. पंधरा-सोळा डबे असतात, बहुतेक शिकायला आलेली मुलं. माझा मोठा सिलेंडर १९ किलोचा, त्याचं तर १ मेला १०२ रुपये ५० पैसे एकदम वाढले, मुंबईचा भाव २३०७. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरायचा नाही हा नियम मी पाळते, पाळणारे किती हे विचारू नका.

गॅस एकटा नाही ना. सूर्यफूल तेल युक्रेनहून यायचं ते महागलं, मग सगळे पामतेलाकडे वळले तर गेल्या महिन्यात इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं. भाजीवाला म्हणतो टेम्पोचं भाडं वाढलं. या तिन्ही गोष्टी माझ्या एका डब्यात येतात. डबा ७० चा ८० केला तर दोन मुलांनी बंद केला आणि ती मुलं आता रात्री काय खातात मला माहितीये, कारण त्यातला एक वरच्याच मजल्यावर राहतो. मॅगी.

काय कापलं म्हणाल तर, पोळ्या चार होत्या त्या चारच ठेवल्या पण गोल लहान झाला. रविवारचा गोड पदार्थ पंधरा दिवसांनी. डाळ, छोले, राजमा रात्री भिजवल्याशिवाय कुकरला लावत नाही, आणि कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लागल्याशिवाय शिट्टी होऊ देत नाही. सासूबाईंची सवय होती, नवीन सिलेंडर लावला की कालनिर्णयावर त्या तारखेला गोल करायचा, मी हसायचे त्यांना. आता मी पण करते आणि मागच्यापेक्षा दोन दिवस आधी संपला तर घरात चौकशी समिती बसते.

हिशोबनीस | ८ मे, दुपारी १२:२०

राजकारण नको म्हणता पण कर कुठे किती हे कळल्याशिवाय चर्चा करून काय उपयोग. आज मुंबईत पेट्रोल १२०.५१ आहे. त्यात केंद्राची एक्साइज (उत्पादन शुल्क) लिटरमागे २७.९०. राज्याचा व्हॅट (विक्रीवरचा कर) मुंबई-ठाणे-नवी मुंबईत २६ टक्के, बाकी बऱ्याच भागात २५, आणि त्याच्यावर १० रुपये १२ पैसे लिटरमागे ठोक. सगळं धरलं की निम्म्याच्या आसपास पैसे करात जातात.

गंमत दोन्हीकडे आहे. केंद्राच्या त्या २७.९० मधला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे, बाकी सगळं सेस (उपकर) आणि विशेष एक्साइज, ते वाटावं लागत नाही. आणि राज्याच्या १०.१२ मध्ये २०१५ चा दुष्काळाचा सेस आहे, नंतर पाऊस पडला, धरणं भरली, पूरही येऊन गेले, सेस काही वाहून गेला नाही. २०१७ ला महामार्गावरची दारूची दुकानं बंद झाली तेव्हा तो महसूल भरून काढायला अजून ३ रुपये लावले, दुकानं परत उघडली, ३ रुपये तिथेच.

मे २०२० मध्ये क्रूड मातीमोल झालं होतं तेव्हा केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये एक्साइज वाढवली. आपण तेव्हा घरात कोंडलेले, गाड्या बंद, कुणाला कळलंच नाही.

परभणीकर | ८ मे, १:०५

पुण्या-मुंबईला १२० झालं की बातमी होते. आमच्या परभणीचं नाव मागच्या वर्षी तेवढं टीव्हीवर आलं, शंभरी गाठण्यात मुंबईच्या आधी आमचा नंबर लागला म्हणून. कारण साधं आहे, टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीहून येतो, तीनशे किलोमीटरच्या वर, ते भाडं आमच्याच लिटरवर बसतं. म्हणजे जिथे पगार कमी तिथे पेट्रोल जास्त.

आणि इथे लोकल नाही की मेट्रो नाही. एसटी होती, ती पण ऑक्टोबरच्या शेवटापासून संपावर. कामगारांचं चूक होतं असं म्हणत नाही, त्यांचे पगार बघितले तर कुणीही संप करेल. पण २२ एप्रिलपर्यंत म्हणजे जवळजवळ सहा महिने गावातून तालुक्याला जायचं तर काळी-पिवळी नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर. आमच्या गावातल्या अकरावी-बारावीच्या पोरींचे पास होते, एसटीच नाही म्हटल्यावर पास घेऊन काय करणार. काळी-पिवळीवाला एका वेळचे चाळीस घ्यायचा. ज्या बापाला परवडलं त्यानं पाठवलं, बाकीच्या घरी बसल्या, आणि एकदा घरी बसलेली पोरगी परत कॉलेजात जाईल याची खात्री कोण देणार. तुमच्या धाग्याच्या प्रश्नाला हे उत्तर बसतं का बघा, काय कापलं या.

सिंहगडरोडकर | ८ मे, १:२०

@परभणीकर, बसतं.

टाकी_फुल | ८ मे, २:४५

सोपं उत्तर सीएनजी घ्या. मी मागच्या दिवाळीत घेतली. हिशोब देतो, आजचा मुंबईचा भाव ७६ किलो, गाडी पंचवीस देते म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. तीच गाडी पेट्रोलवर सोळा देते म्हणजे साडेसात रुपये. किलोमीटरला साडेचार वाचतात, सीएनजी मॉडेलला नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजले तर वीस-एकवीस हजार किमीमध्ये वसूल.

हिशोबनीस | ८ मे, ३:१०

घेतली तेव्हा भाव काय होता तेही लिहा की. मागच्या वर्षी या सुमारास मुंबईत पन्नासच्या आसपास होता. यंदा १ एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्के केला, भाव ६६ चा ६० झाला, पेढे वाटायचे बाकी होते. आणि त्याच १ एप्रिलला केंद्राने देशी गॅसचा दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर केला. आठवड्याभरात ६७, मग ७२, महिना संपायच्या आत ७६. राज्याने सोडलेला पैसा आपल्या खिशात पाच दिवस राहिला.

मीटरडाऊन | ८ मे, ३:५०

माझ्या भावाची रिक्षा आहे, ठाण्याला. मी स्वतः चालवत नाही पण घर एकच, त्यामुळे लिहितो. शेअरवाले मनाला येईल ते घेतात हे खरंय, पण मीटरवर चालणाऱ्याचं काय ते ऐका. मुंबई-ठाण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २१ रुपये ठरलेत ते मागच्या वर्षी मार्चपासून, तेव्हा गॅस पन्नासच्या आत होता. आता ७६. भाडं ठरवणारे कमिटीवर कमिटी घेतात आणि गॅसचा भाव मात्र रात्री बारा वाजता बदलतो.

त्यात लाईन. पंपावर दीड-दोन तास लाईन लागते, प्रेशर कमी असलं तर सिलेंडर अर्धाच भरतो, मग संध्याकाळी परत लाईन. तेवढ्या वेळात चार-पाच भाडी होतात. तो वेळ कुणाच्याच हिशोबात धरत नाहीत. टाकी_फुल साहेब, तुम्ही रविवारी सकाळी सहाला जाऊन भरत असाल, भाऊ रोज भरतो.

अर्धा कप | ८ मे, ४:३०

खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो, पिंपरी-चिंचवडला. कंपनीचं नाव घेत नाही. पैसे ऑर्डरमागे मिळतात, पेट्रोल आमचं, गाडीचं ऑइल आमचं, पंक्चर आमचं. दर वाढल्यावर ॲपमध्ये एक मेसेज आला, 'इंधन साहाय्य', बघितलं तर किलोमीटरमागे काही पैसे, रुपया नाही, पैसे. आणि ते हॉटेल ते गिऱ्हाईक एवढ्याच अंतराचे. घरापासून हॉटेलपर्यंत आणि गिऱ्हाइकाकडून परत यायचं अंतर आकाशातून कापायचं बहुतेक.

पंपावर आधी शंभरचं टाका म्हणायचो, आता पण शंभरचंच म्हणतो, मीटरवर शून्य पॉइंट त्र्याऐंशी येऊन थांबतं. पूर्वी तो आकडा बघायचो नाही, रुपये बघायचो. आता लिटरच बघतो.

सिग्नलला गाडी बंद करायची, उताराला न्यूट्रल, तीन किमीच्या वरची ऑर्डर आली की नाकारायची, नाकारली की रेटिंग पडतं. चाललंय.

कोकणकन्या_एक्स | ८ मे, ५:१५

उताराला न्यूट्रल करू नका हो दादा, ब्रेकवर सगळा भार येतो. पाच रुपये वाचवायच्या नादात हातपाय मोडून घ्याल.

शून्य धूर | ८ मे, ६:४०

इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन पाच महिने झाले. रात्रभर चार्जिंगला तीन-साडेतीन युनिट जातात, म्हणजे पंचवीस-तीस रुपयांत ऐंशी किलोमीटर. पेट्रोलच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला दोनशेच्या वर. खर्चाचा प्रश्नच मिटला.

सोसायटीचा मिटला नाही. पार्किंगमध्ये पॉइंट मागितला तर चेअरमन म्हणाले मार्चमध्ये लोहगावला रस्त्यावर उभी गाडी पेटली तो व्हिडिओ बघितला नाही का, आमची जबाबदारी कोण घेणार. वेगळा मीटर माझ्या खर्चाने बसवतो म्हटलं, लेखी देतो म्हटलं, पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले. सध्या तिसऱ्या मजल्यावरून बॅटरी... नाही, माझी बॅटरी निघत नाही, केबल सोडतो बाल्कनीतून. खाली टोपणाची बादली ठेवलीय, पाऊस आला तर प्लग तिच्यात. हसा.

भाजणी | ८ मे, ७:०२

हसले नाही, पण पावसात ते नका करू प्लीज.

बांद्याचो झील | ९ मे, सकाळी ९:२०

आमका काय, पत्रादेवी हाकेच्या अंतरार. पेट्रोल घालूक आमी गोव्यात जातव. गोव्याने नोव्हेंबरात व्हॅट कमी केलो, आपल्या सरकारान नाय केलो, त्यामुळे लिटरमागे दहा रुपयांच्या वर फरक पडता. बांद्यातल्या पंपवाल्याचो धंदो बसलो तो बसलोच. तिकडे नवापूरची माणसं गुजरातेत जाऊन भरतात आणि कागलचे कर्नाटकात कोगनोळीला. सीमेवर राहण्याचा हा एकच फायदा आजवर मिळालाय.

प्रशासन | ९ मे, ११:००

रात्रीत आलेले चौदा प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्त्याने स्पष्ट लिहिलंय, घरचे आकडे. कुणाच्या पंतप्रधानाने आणि कुणाच्या मुख्यमंत्र्याने काय केलं यावर एकमेकांची आई-बहीण काढायची असेल तर आयडी जाईल.

नांगरफाळ | १० मे, रात्री ९:४५

सिन्नरकडचा आहे. सगळे पेट्रोल पेट्रोल करतायत, डिझेलवर कोणी बोलेना. ट्रॅक्टरवाल्यानं नांगरटीचा एकरी दर पाचशेनी वाढवला, तो तरी काय करणार, डिझेल शंभरच्या वर गेलंय. आणि माझा कांदा लासलगावला कशाने गेला विचारा. चांगल्यातला होता तरी किलोला सात-आठ रुपये. भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात काय आलं ते लिहीत नाही. तुम्हाला दुकानात वीसला मिळतो तो हाच कांदा. मधले सगळे म्हणतात डिझेल वाढलं. डिझेल वाढलं की तुमच्याकडचा भाव वाढतो आणि माझ्याकडचा कमी होतो, हे गणित हिशोबनीस साहेबांनी एकदा मांडावं.

हिशोबनीस | १० मे, १०:३०

त्यात मांडायला फार काही नाही. भाव बाजारात आवक किती त्यावर ठरतो, वाहतूक त्यातून वजा होते. तुम्ही शेवटचे, तुमच्या मागे कोणी नाही ज्याच्यावर ढकलता येईल.

सिंहगडरोडकर | २२ मे, सकाळी ८:१५

धागा वर काढतो. काल संध्याकाळी केंद्राने एक्साइज पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपये कमी केली. मुंबई १११.३५. उज्ज्वलावाल्यांना सिलेंडरमागे २०० रुपये, वर्षाला बारापर्यंत. आमच्यासारख्यांना सिलेंडरला काही नाही, तो मधल्यामध्ये १९ तारखेला अजून तीन रुपयांनी वाढून गेला.

टाकी_फुल | २२ मे, रात्री ९:००

आता राज्याने पण २.०८ आणि १.४४ कमी केल्याची बातमी आहे. उद्या मुंबईत एकशेनऊ. सकाळी टाकी भरू नका कोणी, संध्याकाळी भरा.

टाकी_फुल | २३ मे, संध्याकाळी ६:३०

अजून १११.३५ च आहे?? पंपवाला म्हणतो आम्हाला काही आलं नाही.

हिशोबनीस | २३ मे, ७:१५

येणार पण नाही. ८ चे २६ टक्के किती होतात करा. २.०८. आणि डिझेलच्या ६ चे २४ टक्के? १.४४. राज्याचा व्हॅट टक्क्यात असतो, केंद्राने ८ रुपये काढले की त्या ८ वरचा व्हॅट आपोआपच गळतो, तोच आकडा उचलून 'आम्ही कमी केले' म्हणून सांगितलं. ते आधीच १११.३५ मध्ये आलेलं आहे. खरंच कमी करायचं तर टक्का खाली आणावा लागतो नाहीतर ते १०.१२ तरी.

टाकी_फुल | २३ मे, ७:१८

म्हणजे मी दोन दिवस रिझर्व्हवर फिरलो.

कसारा लोकल | २३ मे, ७:४०

शेअर रिक्षा अजून पंधरा. पेट्रोल नऊ रुपयांनी उतरलं, तिचं काय म्हणून विचारलं तर म्हणाला साहेब गॅसवर चालते. बरोबर आहे त्याचं.

एडिसनची सून | १५ जून, पहाटे ५:१०

उशिरा वाचतेय. न्यू जर्सीला असते. इकडे गेल्या आठवड्यात देशभराची सरासरी गॅलनला पाच डॉलरच्या वर गेली, लोक पंपावर अध्यक्षांचे स्टिकर चिकटवतायत, बोट दाखवणारा फोटो आणि खाली 'हे मी केलं'. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, तुमच्या रुपयात लिटरला एकशेतीनच्या आसपास. तरीही इकडे लोक हवालदिल आहेत कारण गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही, आमच्या गल्लीत फुटपाथच नाही. नवऱ्याचं ऑफिस पंचेचाळीस मैल लांब, ट्रेनने जायचं तर स्टेशनपर्यंत परत गाडी आणि तिथे पार्किंगचे पैसे. कसारा लोकल यांनी शेपटी म्हणून जे लिहिलंय ते अगदी पटलं.

अर्धा कप | १५ जून, दुपारी ३:२०

ताई तुमच्याकडे तासाचा पगार किती असतो? एका तासात किती लिटर येतं तेवढं सांगा. माझं सांगतो, चांगला तास असेल तर एक लिटर.

एडिसनची सून | १५ जून, ६:००

नाही सांगत. तुमचं बरोबर आहे.

भाजणी | ७ जुलै, ११:१०

काल परत पन्नास. मुंबईचा १०५२.५०. तीन महिन्यांत किती वेळा झालं मी मोजणं सोडून दिलं. इंडक्शन घेतलं शेवटी, चहा, दूध, अंडी, वरण गरम करणं त्याच्यावर. पोळ्या नाही जमत, तव्याच्या मधे करपते आणि कडा कच्च्या. लाईटचं बिल किती येतं ते पुढच्या महिन्यात लिहिते, मग कळेल शहाणपणा केला की मूर्खपणा. शाळा सुरू झाल्यापासून व्हॅनवाल्या काकांनी १२०० चे १८०० केलेत, दोन वर्षं गाडी उभी होती त्याचा हप्ता पण ते त्यातच काढतायत, आणि मला त्यांच्याशी भांडताही येत नाही कारण लॉकडाऊनमध्ये ते भाजी विकत होते तेव्हा आमच्याकडेच यायचे.

शून्य धूर | १० जुलै, रात्री ८:३०

पॉइंट मिळाला! चेअरमनच्या जावयाने इलेक्ट्रिक कार बुक केली.

सिंहगडरोडकर | १५ जुलै, सकाळी ९:३०

राज्यातल्या नवीन सरकारने काल कॅबिनेटमध्ये पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी कमी केलं. मुंबई १०६ वर. हिशोबनीस, हे तरी खरं आहे ना?

हिशोबनीस | १५ जुलै, १०:०५

हे खरं आहे, ठोक करातून काढलेत. तिजोरीवर सहा हजार कोटींचा भार म्हणतायत. एप्रिलच्या मानाने लिटरमागे चौदा रुपये उतरले. आता प्रत्येकाने सांगा, चढताना जे जे वाढलं होतं त्यातलं काय काय उतरलं.

नांगरफाळ | १५ जुलै, १२:४०

नांगरटीचा दर तोच.

कसारा लोकल | १५ जुलै, १२:५५

पंधरा. सीएनजी परवा ८० झाला म्हणून आता वीसची भाषा चालू आहे.

मीटरडाऊन | १५ जुलै, १:१०

मीटर अजून २१ वरच आहे, लिहून ठेवा.

परभणीकर | १५ जुलै, २:३०

एसटी चालू झाली. काळी-पिवळीचे चाळीस कमी नाही झाले, पण आता त्यात बसायचं का नाही ते आपल्या हातात आहे. पोरींपैकी दोघी परत जायला लागल्या. तिसरीचं लग्न ठरलं.

सिंहगडरोडकर | १५ जुलै, रात्री १०:१५

माझं सांगतो. आमच्याच भागातले चौघं जण मिळून एक गाडी न्यायला लागलो, आळीपाळीने एकेकाची. महिन्याचे अडीच हजार तरी वाचतात. अट एकच, गाडीत कुणी ऑफिसचे कॉल स्पीकरवर घ्यायचे नाहीत. ते वाचलेले पैसे कुठे गेले म्हणाल तर बायको म्हणते किराणा. मी यादी जुनी-नवी समोरासमोर ठेवली, वस्तू त्याच आहेत, दोन कमीच आहेत, बिल सोळाशेनी जास्त.

भाजणी | १८ जुलै, सकाळी ७:५०

आजपासून पिशवीतल्या दह्यावर आणि पॅकबंद पिठावर ५ टक्के जीएसटी. मी दही घरीच लावते म्हणा पण डब्यातलं ताक आता

टाकी_फुल | १८ जुलै, ८:०५

ताकावर पण??

प्रशासन | १८ जुलै, ८:२०

दह्या-ताकासाठी कृपया वेगळा धागा काढा.